तीन घरांचा एक पत्ता

तिसरं लयपत्र आलं तेव्हा तेही मी न वाचताच उडवणार होते. बोट बटणावर गेलंही होतं. पण वरच्या ओळीत लाल अक्षरांत ‘दिवस एकसष्टावा’ असं होतं, आणि मला वाटलं, बघू तरी कुणाच्या नशिबी आलंय. वाचलं आणि पत्ता पुन्हा एकदा तपासला. ते कुणा परक्याचं नव्हतं, आमचंच होतं.

लयपत्र म्हणजे काय ते आता सगळ्यांना ठाऊक आहे, तरी सांगते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. माणूस टाइप करतो तेव्हा दोन अक्षरांच्या मध्ये थोडा वेळ जातो. प्रत्येकाचा वेगळा, पण ज्याचा त्याचा ठरलेला. लयभंग नावाचा मेंदूचा आजार सुरू झाला की सगळ्यांत आधी हे अंतर विस्कटतं. (डॉक्टरांचं नाव लांबलचक आहे, मला ते एका दमात म्हणता येत नाही.) विस्कटतं तेही सेकंदाच्या हजाराव्या भागात. हात कापत नाहीत, विसरायला होत नाही, शेजारी बसलेल्या बायकोलाही पत्ता लागत नाही. उघड दिसायला लागतो तेव्हा वेळ गेलेली असते. बहुधा पन्नाशीनंतर होतो आणि रक्तातून पुढे जाऊ शकतो. इंजेक्शन निघालं आहे, पण पहिली खूण सापडल्यापासून नव्वद दिवसांच्या आत सुरू केलं तरच आजार जागच्या जागी थांबतो. नंतर घेतलं तर नुसता रेंगाळतो.

खूण शोधणार कोण? इंटरनेट. आपण काही लिहीत असताना अक्षरागणिक एक बारीक तुकडा तारेतून पलीकडे जातो. आत काय लिहिलंय ते न वाचताही, तुकडे किती किती वेळानं आले हे मोजता येतं. घरातल्या वायफायच्या डब्यात येतं, तसंच पलीकडच्या बँकेच्या नाहीतर दुकानाच्या यंत्रातही येतं. सरकारनं कायदा केला की मोजायचं आणि बिघाड दिसला की ज्या इंटरनेट-पत्त्यावरून तो आला त्याच्या मालकाला पत्र पाठवायचं. चांगला कायदा होता हो. पण पुढं विमेवाले आणि कारखानेवाले त्या याद्या मागायला लागले, आणि त्यांना त्या मिळायलाही लागल्या. मग जो तो व्हीपीएन घ्यायला धावला. मीही धावले.

मी टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं काढली. शेवटी फायबरवर होते, पण सुरुवात मिरजेच्या जुन्या एक्स्चेंजमध्ये, टेस्ट डेस्कवर. तक्रार आली की ती लाइन घ्यायची, हेडफोन लावायचा, खरखर कुठून येते ते बघायचं. आणि लाइनवर कुणी बोलत असलं की ताबडतोब कान काढायचा. अर्धं वाक्यसुद्धा ऐकायचं नाही. आमचे कोळेकर साहेब नव्या पोरींना पहिल्याच दिवशी बजावायचे, “तार आपली, बोलणं त्यांचं.” गावातल्या किती भानगडी माझ्या कानाजवळून गेल्या असतील, पण मी कान काढला. त्यामुळं आमच्याच घरात बसून कुणी आमची बोटं मोजतंय म्हटल्यावर माझं टाळकं फिरलं.

व्हीपीएनला आम्ही घरात बोगदा म्हणतो. घरातून निघालेलं सगळं बोगद्यात शिरतं आणि लांब कुठंतरी, कंपनीच्या दारातून बाहेर पडतं. मधल्या तारवाल्याला, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला, काही दिसत नाही. शिवाय बोगद्यात खोट्या तुकड्यांची भर असते, त्यामुळं मोजणाराही गडबडतो. जाहिरात बघून वाटतं, झालं, आता आपण अदृश्य. कसलं काय! पलीकडच्या दारातून आपण बाहेर पडतोच की, आणि तिथं बघणारे असतातच. तारवाल्याला जे दिसायचं ते आता बोगदेवाल्याला दिसतं. विश्वास कुणावर तरी टाकावाच लागतो, फक्त माणूस बदलतो. म्हणून मी शोधून शोधून अशी कंपनी धरली, की जी कुणी कधी काय केलं याची कसलीही नोंद ठेवत नाही. तेव्हा मला याचा कोण अभिमान होता!

पहिले चार महिने स्वस्तातला सामायिक पत्ता होता. म्हणजे एकाच दारातून आमच्यासारखे चार-पाचशे लोक बाहेर पडायचे. त्यातल्या एकानं कुणी दिवे लावले की बँक सगळ्यांनाच हाकलून द्यायची. साधं दूध मागवायचं तरी आधी ‘तुम्ही माणूस आहात का’ म्हणून चित्रं ओळखा. मी चरफडत सायकली मोजत बसायची. आणि लयपत्रं! चार महिन्यांत सहा आली, त्या दारातल्या कुणाकुणाची. ती न वाचता उडवायची मला सवय लागली.

शेवटी वैतागून स्वतंत्र पत्ता घेतला. दार फक्त आपलं. आणि मग आपल्याकडं जे होतं तेच झालं. एक वर्गणी भरली की ती काय एकट्यानं वापरायची? इचलकरंजीला धाकटे दीर शिरीषभावजी, पुण्याला लेक ऋजुता. दोघांकडं जाऊन मी स्वतः डबे जोडून दिले. “वहिनी, अख्खं खातं तुमच्यापुढं झक मारेल,” भावजी म्हणाले, आणि मी फुगले. तीन घरं, एक दार. उडवायची सवय मात्र सुटली नाही. आमच्या स्वतःच्या पत्त्यावर आलेली दोन पत्रं मी जुन्या हातानंच उडवली होती. साठ दिवस माझ्या बोटांनी घालवले.

कंपनीला फोन केला. एक गोड आवाजाची मुलगी होती.

“एवढंच सांगा, ही खूण तीनपैकी कुठल्या घरातली?”

“मॅडम, आम्ही नोंदच ठेवत नाही. त्यासाठीच तर तुम्ही आम्हाला निवडलंत.”

माझ्याच तोंडचं वाक्य होतं ते.

एकोणतीस दिवस उरले होते. तीन घरांना तीन वेगळे पत्ते घ्यावेत, तर खोट्या तुकड्यांमुळं बोगद्याच्या पलीकडून मोजायला महिना जातो. तपासणी केंद्रावर नंबर लागायला तीन आठवडे. बोगदा काढला तर मात्र घरातल्या डब्याला एक संध्याकाळ पुरते आणि दुसऱ्या दिवशी इंजेक्शनचं बोलावणं येतं. पण बोगदा काढला की तारवाल्याला कळतं, कालपर्यंत त्या खुणेच्या पत्त्याआड हेही घर होतं. मग घरात कुणाला काही नसलं तरी ते वर्षभर संशयित यादीत. आणि खरंच कुणी सापडलं, तर त्याच्या रक्ताची माणसंही यादीत.

मी पन्नाशीच्या वरचे मोजले. मी स्वतः टाइप करतच नाही, यंत्राला तोंडानं सांगते. राहिले तिघं. आमचे हे, शिरीषभावजी आणि ऋजुताकडे राहणारे तिचे सासरे.

सुरुवात घरातून केली. आमचे हे, म्हणजे सुहास तारळेकर, मिरजेच्या कोर्टात लघुलेखक होते. टायपिंगच्या क्लासात शिकलेला माणूस. घरी खडखडणारा जुना कीबोर्ड आहे, त्यावर कॉलनीतल्या लोकांचे अर्ज लिहून देतात. लग्नानंतर पहिल्या दिवाळीत मी त्यांचं टायपिंग ऐकलं तेव्हाच ओळखलं होतं, हा माणूस शब्द देईल तो पाळेल. इतकं एकसारखं. शिरीषभावजी लहानपणी क्लासच्या पायरीवर बसून दादाचं टायपिंग ऐकायचे म्हणे. पुढं ते स्वतः टायपिंगच्या परीक्षेत तीनदा नापास झाले.

“अहो, जरा टाइप करून दाखवता?”

“आता माझी परीक्षा घेणार होय तू? घे.”

कपाटातून कीबोर्ड काढला. महिनाभर तो तिथंच होता, आवाजाचा शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हे फोनवरच लिहीत होते. बसले, बाह्या सारल्या आणि सुरू. टकटकटकटक. पानभर मजकूर, एक खंड नाही. मी डोळे मिटून ऐकलं. एकतीस वर्षं लाइनीतला दोष कानानं पकडलेली बाई मी. मला दोष सापडला नाही.

“पास?” त्यांनी विचारलं.

“पास,” मी म्हटलं, आणि त्यांच्या डोक्यावर टपली मारली.

मग भावजींना फोन. एकटा माणूस, लग्न केलं नाही. फाउंड्रीत क्रेन चालवतात आणि त्या क्रेनवर त्यांचा जीव.

“वहिनी, मला काही झालेलं नाही.”

“झालंय असं मी कुठं म्हणते? फक्त एक संध्याकाळ बोगदा काढू.”

“आणि यादीत नाव गेलं की? वर्षभर मला क्रेनवर चढू देणार नाहीत. खाली गोदामात बसून पोती मोजू?”

“भावजी, मेंदूचा प्रश्न आहे.”

“माझा मेंदू, माझा प्रश्न. तुम्ही बोगदा काढायचा नाही. शब्द द्या.”

मी म्हटलं, “बरं.”

ऋजुताचं तर आणखी अवघड. ती आणि जावई तीन वर्षं मूल दत्तक घ्यायच्या यादीत होते. आता शेवटची भेट ठरली होती, चोवीस तारखेला. म्हणजे दिवस सत्त्याण्णवावा. मुलीचा फोटोही आला होता, दीड वर्षाची, एका पायात मोजा नसलेली.

“आई, संशयित घर दिसलं की फाइल परत मागं. परत तीन वर्षं. तोवर ती दुसऱ्या कुणाची झालेली असेल,” ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, “सासऱ्यांना काही असेल असं वाटतं का गं तुला?”

“नाही गं,” मी म्हटलं. मला काय ठाऊक?

चार दिवस मी नुसती घरात येरझाऱ्या घातल्या. आणि मग मनानं एक सोयीचा हिशेब केला: ज्यानं एवढा जोरात नकार दिला, त्यालाच भीती असणार. तिन्ही डब्यांच्या चाव्या माझ्याकडंच होत्या. सहासष्टाव्या दिवशी, सकाळी साडेदहाला, चहा पिता पिता, मी मिरजेत बसून इचलकरंजीचा बोगदा काढला. भावजींना सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्याच्या लाइनीवर कान ठेवला, आणि तो माझ्याच माणसाच्या.

एक संध्याकाळ गेली, दोन गेल्या. त्यांच्या नावानं लयपत्र आलं नाही. भावजी ठणठणीत होते. आले ते स्वतःच, सत्तराव्या दिवशी, बसनं, दुपारच्या उन्हात. आत आले नाहीत. बगलेत आमचा डबा होता, तो त्यांनी उंबऱ्यावर ठेवला.

“क्रेनवरून उतरवलं मला. संशयित म्हणून. बावीस वर्षांत एक ओरखडा नाही कुणाला माझ्या हातून.”

“भावजी, आत तरी या...”

“शब्द दिला होतात वहिनी. कंपनीनं फसवलं असतं तर मी शिव्या घालून मोकळा झालो असतो. तुम्हाला काय घालू?”

हे आतून बाहेर आले तोवर भावजी गेले होते. नंतर फोन उचलेनात. ह्यांचाही नाही. दोघं भाऊ, रोज संध्याकाळी सातला बोलणारे. सात वाजले की हे फोन हातात घ्यायचे, बघायचे आणि परत ठेवायचे. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता राहिले ऋजुताचे सासरे. मी पंचांग घेऊन बसल्यासारखी दिवस मोजायची. नव्वदावा आधी, चोवीस तारीख नंतर. एका बाजूला व्याह्यांचं डोकं, दुसऱ्या बाजूला एका पायात मोजा नसलेली पोर. पुण्याच्या डब्याची चावी माझ्या फोनमध्ये होती आणि मला त्या फोनला हात लावायची भीती वाटायची.

एक्याऐंशीव्या दिवशी मी ह्यांना म्हटलं, “भावजींना कागदावर पत्र पाठवूया. माफी मागते. मी सांगते, तुम्ही टाइप करा.”

“तूच लिही ना हातानं.”

“माझं अक्षर त्यांना लागत नाही. टाइप करा हो, पाया पडते.”

नाइलाजानं त्यांनी कीबोर्ड काढला. मी खिडकीशी उभी राहून सांगायला लागले. “प्रिय शिरीषभावजी, मी तुमचा विश्वासघात केला. कारण सांगत नाही, कारण कुठलंही कारण पुरं पडणार नाही...”

टकटक. टक. टकटकटक. आणि मग एक पोकळी. नंतर पुन्हा टक.

मी बोलायची थांबले. तेही थांबले.

“पुढं सांग,” ते म्हणाले.

“तुमच्या क्रेनकडं मी कधी... अहो, थांबा. परत लिहा हे वाक्य.”

परत तेच. अक्षरं पडत होती, पण त्यांच्या मधलं अंतर गेलं होतं. पस्तीस वर्षं ऐकलेलं माझं माणूस त्या आवाजात नव्हतं. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले.

“त्या दिवशी तुम्ही काय टाइप केलं होतं?”

ते हसले. मला ते हसणं अजून सहन होत नाही. “परीक्षेचा उतारा. मिनिटाला चाळीस शब्दांचा. क्लासात हजारदा केलेला. तो बोटांना पाठ आहे, डोकं लागतच नाही त्याला. नवा मजकूर दिला असतास तर तेव्हाच सापडलो असतो.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“पहिलं लयपत्र तू उडवलंस, त्याच्या आधी मी वाचलं होतं. आणि अर्ज लिहिताना बोटं थबकत होतीच.”

“आणि गप्प बसलात? माझ्या हातून भावजींचा बोगदा काढवलात?”

“तू तो काढशील असं मला वाटलं नाही, उज्ज्वला. तू कान काढणारी बाई.” त्यांनी खाली बघितलं. “त्याचं वाईट झालं. पण चोवीस तारखेपर्यंत कुणाला कळायला नको. ऋजुता माझ्या रक्ताची. मी सापडलो की तिची फाइल गेली. पोर घरात येऊ दे, मग घेऊ की इंजेक्शन.”

“तेव्हा ते नुसतं रेंगाळवेल तुम्हाला!”

“मग रेंगाळू.”

मला इतका राग आला की हातातला चष्मा मी भिंतीवर फेकला. इतकी वर्षं संसार केलेला माणूस मला न विचारता स्वतःला थोडं थोडं देऊन टाकायला बसला होता, आणि मी ते लपवायची सगळी सोय त्याला स्वतःच्या हातानं जोडून दिली होती. ओरडले, रडले, नको नको ते बोलले. ते ऐकत बसले.

त्यांच्या डब्याची चावीही माझ्याकडंच होती. एक बटण दाबायचं. पण या वेळी मी ते चोरून दाबणार नव्हते. मी ऋजुताला फोन लावला आणि ह्यांच्या देखत तिला सगळं सांगितलं, भावजींचं, बाबांचं, नव्वद दिवसांचं, सगळं.

मग ती रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, मोठ्यानं.

“तिच्यासाठी मी मोजे विणलेत आई.”

“माहीत आहे गं राणी.”

“बाबांना फोन देऊ नकोस. मला त्यांच्याशी आत्ता बोलायचं नाही.” श्वास घेतला. “काढ बोगदा. आत्ता काढ. माझं मन बदलायच्या आत काढ.”

हे “नाही, नाही” म्हणत उठले. मी त्यांचे खांदे धरून खाली बसवलं आणि बटण दाबलं. डब्यावरचा हिरवा दिवा जाऊन पिवळा लागला.

“आता टाइप करा,” मी म्हटलं. “डब्याला संध्याकाळभर तुमची बोटं ऐकायची आहेत. आणि पाठ केलेलं काही नको. भावजींचं पत्र करा पुरं, तुमच्या मनानं. सरळ तारेवर लिहा.”

मग त्यांनी बाह्या सारल्या.

सातच्या सुमाराला माझा फोन वाजला. शिरीषभावजी. ऋजुतानं त्यांना फोन करून, आईला तिची चूक कळली आहे, एवढंच सांगितलं होतं; बाबांच्या आजाराचं तिला बोलवलं नव्हतं.

“वहिनी, मी तुमच्याशी बोलायला फोन केलेला नाही. दादाला द्या.”

“ते टाइप करतायत.”

“करू देत. मी थांब—”

ते बोलता बोलता थांबले. पलीकडून त्यांचा श्वास ऐकू येत होता आणि अलीकडे कीबोर्ड.

“कोण टाइप करतंय म्हणालात?”

“तुमचे दादा.”

“दादा असा टाइप करतो?” आवाज एकदम बारीक झाला, पायरीवर बसणाऱ्या धाकट्या भावाचा. “वहिनी, कितवा दिवस आहे?”

“एक्याऐंशीवा.”

“मी शेवटच्या बसनं येतो. उद्या दवाखान्यात मी बरोबर असणार.” मग म्हणाले, “फोन बंद करू नका. तिथंच ठेवा, त्याच्या हाताजवळ. ऐकू दे मला.”

मी फोन कीबोर्डशेजारी उभा करून ठेवला. ह्यांनी मान वर केली नाही, पण त्यावरचं नाव त्यांना दिसलं असणार, कारण बोटं क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली. दोघा भावांच्या मधली लाइन होती ती. जुन्या सवयीनं मी कान काढला, स्वयंपाकघरात गेले, दार ओढून घेतलं आणि तांदूळ धुवायला घेतले. नळ सोडला. नळाच्या आवाजातूनही ते येतच होतं: टक. टकटक. मग बराच वेळ काहीच नाही. हातात ओले तांदूळ धरून मी पुढच्या अक्षराची वाट बघत उभी राहिले.